घरटी एक माणूस

रोह्यात आमच्या खोलीमालकाच्या आत्याला ‘नाही’ म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि चुकून एखादा जन्मला असलाच तर तो या घटकेला आमच्या कॉलनीच्या बागेत हातात झारी घेऊन उभा असणार. आत्याचं नेमकं वय कुणालाच माहीत नाही, पण एसटीत तिला तिकीट लागत नाही, यावरून काय तो अंदाज करायचा. उंचीने माझ्या खांद्याला लागत नाही. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं, पाय उन्हात वाळवलेल्या लाकडासारखे, आणि आवाज मात्र अंगाच्या चौपट. सगळा जन्म तिचा पेणकडे, धरमतरच्या खाडीकाठी, मिठागरात गेला. मिठागरात या टोकाच्या माणसाने त्या टोकाच्या माणसाला हाक मारायची तर मध्ये भिंत नाही, झाड नाही, नुसता वारा. तो वारा कापत जाणारा आवाज आत्याने जसाच्या तसा रोह्यातल्या आमच्या गल्लीत आणला. समोर बसलेल्या माणसाला ती ‘चाय घेतंस का?’ म्हणून विचारते, तेव्हा आजूबाजूच्या दोन-तीन खोल्यांतून ‘नको आत्या, आत्ताच झाला’ असं उत्तर येतं.

मी परभणीकडचा, जिंतूरच्याही पुढचा. आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे ठेकेदाराच्या मागेमागे फिरत धाटावच्या एका कंपनीत येऊन पोचलो. माझा स्वभाव मुळातच भित्रा. कंपनीचा भोंगा वाजला तर मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी झालं. सुपरवायझर हसला तरी भीती, नाही हसला तरी भीती. आत्याच्या भाच्याने त्याच्या घरामागच्या चाळीतली शेवटची खोली मला दिली, तेव्हा मी त्याच्या पाया पडायचाच राहिलो होतो. बॅग ठेवली, लाइट लागतो का ते बघितलं, आणि दमून झोपलो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच दारावर काहीतरी लोखंडी आपटल्याचा आवाज झाला. दार उघडलं तर समोर आत्या, एका हातात घमेलं आणि दुसऱ्या हातात फावडं.

“ह्या खोलीत कोन ऱ्हातो?”

“मी.”

“आनी?”

“आन कोणी न्हाई. बायको-लेकरू गावाकडं हायेत.”

“सैपाक तुजा तूच करतोस ना? इथंच?”

“व्हय.”

“मग घर झालं. घरटी एक मानूस. चल.” आणि घमेलं माझ्या हातात.

मला वाटलं, खोली भाड्याने देताना इकडे ही अटच असते. नळ उघडा ठेवायचा नाही, मोठ्याने रेडिओ लावायचा नाही, आणि रविवारी घमेलं उचलायचं. कितीतरी दिवस मी त्याच समजुतीत इमानेइतबारे जात राहिलो. ताप असला तरी गेलो. शेवटी एकदा शेजारच्या खोलीतल्या बिहारी मिस्त्रीला विचारलं, एखाद्या रविवारी नाही गेलं तर खोली लगेच काढून घेतात का? तो म्हणाला, “भाई, हम भी तो इसी डर से जाते हैं.”

खरा प्रकार नंतर कळला. आत्याच्या गावाला खाडीच्या बाजूने मातीचा मोठा बांध आहे. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून. तो बांध फुटला, म्हणजे खांड गेली, की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि मग कित्येक वर्षं तिथे भात होत नाही. म्हणून खांड गेल्याची हाक आली की घरटी एक माणूस बांधावर गेलाच पाहिजे, हा तिथला रिवाज. घरात लग्न असो की बाळंतीण असो, एक माणूस बांधावर. आणि घर कुठलं धरायचं? तर जिथे चूल वेगळी, तिथे घर वेगळं. दोन भाऊ एका छपराखाली राहतात पण चुली दोन आहेत, तर माणसंही दोन. आत्याचं मिठागर बंद पडलं, तिच्या घरात दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून भाच्याने तिला रोह्याला आणलं आणि सोफ्यावर बसवलं. दोन दिवस बसली बिचारी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “ह्याच्याव बसून मना बोटीत बसल्यासारकं व्हतं,” आणि उठून बाहेर पडली. कॉलनीच्या मागे नगरपालिकेची बगीच्यासाठी राखून ठेवलेली जागा होती. बगीचा म्हणजे एक गंजलेली घसरगुंडी, बांधकामाचा राडारोडा आणि रिकाम्या बाटल्या. आत्याने ते पाहिलं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली: खांड गेली. मग काय, रिवाज चालू.

आता माणसं आली, घमेली आली, राडारोडा गेला. पण पुढे झाडं लावायची म्हणजे काय करायचं, याची आत्याला कल्पना एकच, मिठागराची. तिने जमिनीचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला वीतभर उंचीचा बांध घातला. आणि मग आम्हा सगळ्यांना चपला काढायला लावून, एका ओळीत उभं करून, तो चौकोन पायांनी तुडवायला लावला. मिठागरात मोसमाआधी जमीन अशीच तुडवतात म्हणे, थेंबभर पाणी खाली जिरू नये म्हणून. आमच्यात कंपनीची माणसं, रिक्षावाला, एक शाळेतले गुरुजी आणि पहिल्या माळ्यावरच्या बँकवाल्या मॅडम. सगळे ताल धरून थप थप थप. गुरुजी मध्येच म्हणाले, “आत्या, झाडांना माती भुसभुशीत लागते हो.” आत्या म्हणाली, “गुर्जी, बोलायला त्वांड लागतं, तुडवायला पाय. पाय हालवा.” गुरुजींनी पाय हलवले. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला कळत होतं हे काय चाललंय ते, पण मी कसला बोलतोय! मी सगळ्यांपेक्षा जोरात तुडवलं.

मग त्यात जास्वंद, मोगरा, तगर लावली. पावसाळा लागला. प्रत्येक चौकोनात फूटभर पाणी साचलं, आणि ते हटेचना. आमच्या कामाला नावं ठेवायला जागाच नव्हती. जास्वंद कुजली, मोगरा कुजला, आणि गावातले यच्चयावत बेडूक मुक्कामाला आले. रात्रभर तो ऑर्केस्ट्रा. आत्या छत्री घेऊन त्या पाण्याकडे बघत उभी होती. मी भीतभीत बाजूला जाऊन उभा राहिलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “सगला जल्म ग्येला जमिनीत काय उगवू नये म्हनून राबन्यात. आता उगवायचं कसा, ता मना कोन सांगनार?”

तेव्हा कुठे मी तोंड उघडलं. म्हणालो, “आत्या, माती उलथून काढावी लागंल. खाली हवा जाऊ द्यावी लागती.”

“तुना म्हाईत व्हता?”

“व्हय.”

“मग तुडवताना नाचत का व्हतास, जल्ल्या?”

पुढच्या रविवारी सगळ्यांनी मिळून, आधी मन लावून घट्ट केलेली माती तितक्याच मन लावून खणून मोकळी केली. एक चौकोन मात्र आत्याने खणू दिला नाही. “ह्यो आपला मोडायचा नाय, लय बेस जमलाय,” म्हणाली. आज त्या चौकोनात पोरं लगोरी खेळतात. तसली सपाट जमीन सगळ्या रोह्यात मिळायची नाही.

झाडं जगायला लागली तशी आत्याची त्यांच्याशी भांडणं सुरू झाली. प्रत्येक झाडाला तिने सासरच्या कुणाचं ना कुणाचं नाव दिलंय. फुलत नाही ती तगर म्हणजे तिची नणंद. “खातंय पितंय आनी त्वांड फुगवून बसलंय,” असं तिला रोज ऐकवते. सगळ्यांच्या अंगावर पडत वाढणारी बोगनवेल म्हणजे थोरली जाऊ. कडुनिंबाला मात्र ती सासरेबुवा समजते आणि त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घेते. कचऱ्याच्या बाबतीत तिची पद्धत अशी, की बागेत वेफरचं रिकामं पाकीट सापडलं तर ती ते घेऊन घरोघर जाते. “ह्या तुमचा इसारला का?” असं इतक्या काळजीने विचारते, की माणसाला ते नाकारताही येत नाही आणि घेताही येत नाही. बँकवाल्या मॅडमच्या मुलाने एकदा तीन वेगवेगळी पाकिटं आपली म्हणून घेतली. त्यातलं एकही त्याचं नव्हतं. आणि कंपनीची बस ज्या नाक्यावर थांबते तो बागेच्या फाटकासमोरच. शिफ्टला निघालेली माणसं तिथे मोबाइल बघत उभी असायची. आत्याला रिकामा हात बघवत नाही. तिने फाटकाशी भरलेल्या बाटल्या ठेवल्या. “बस येईस्तोवर येक झाड.” आता तिथे जाडजूड सेफ्टी शूज घातलेली माणसं मोगऱ्याला पाणी घालताना दिसतात. एकदा एक नवीन पोरगा गुलाबाच्या आळ्यात इतका रमला की त्याची बसच गेली. आत्याने त्याला भाच्याच्या टेम्पोत बसवून धाटावला धाडलं, आणि भाच्याला सांगितलं, “सायबाला सांग, पोरगा बांधाव व्हता.” साहेबाला काय समजलं असेल ते त्याचं त्याला माहीत.

एकदा ती मला पेणजवळ जोह्याला घेऊन गेली. बागेत लहान मुलांसाठी काहीतरी ‘बघन्यासारका’ पाहिजे होतं. जोह्याला गणपतीचे कारखाने, तिथे तिच्या माहेरचं कुणीतरी रंगकाम करतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक उंदीर पडून होता. कुठल्यातरी मोठ्या मंडळाच्या मूर्तीसाठी केलेला, पण साच्यातून काढताना एक कान मोडला म्हणून बाजूला टाकलेला. आत्या त्याच्या प्रेमातच पडली. मग तो शेळीएवढा उंदीर मी उराशी धरून आणला, आधी पेणला आणि पेणहून रोह्याच्या एसटीत. बसायला जागा नव्हती. आत्याने उंदराला खिडकीशी बसवलं आणि आम्ही दोघं उभे. कंडक्टर आला. उंदराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“आजी, ह्याचं तिकीट?”

“कोनाचं?”

“ह्या पाहुण्याचं. सीट अडवलीय त्याने.”

“मना तिकीट लागतं का?”

“नाय लागत. पंच्याहत्तरच्या वर फुकट.”

“मग ह्यो कवापासून हाय? देवाचा उंदीर हाय ह्यो. माज्यापेक्षा थोरला.”

सगळी बस हसली. कंडक्टरने हात जोडले, आत्याला नव्हे, उंदराला. नागोठण्याला एक बाई चढली, तिने त्याच्या पायाशी फूल ठेवलं. तो एककानी उंदीर आता घसरगुंडीच्या शेजारी बसलेला असतो.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि मग पार्किंगचं निघालं. कॉलनीत गाड्या वाढल्या होत्या. त्या जागेवर फरशा टाकून पार्किंग करावं, अशी काही घरमालकांनी नगरपालिकेत मागणी केली, आणि त्यात सगळ्यात पुढे आमचा खोलीमालक. त्याचे दोन टेम्पो रस्त्यावर उभे राहतात आणि रोज कुणी ना कुणी आरसा मोडून जातं. त्याचंही चूक म्हणता येत नाही. नगरपालिकेचे साहेब रविवारी येऊन लोकांना विचारणार आणि मग ठरवणार, असं ठरलं. आत्याने भाच्याशी भांडण केलं नाही, हीच मोठी काळजीची गोष्ट. एरवी चहात साखर कमी पडली तरी तिचं ऐकायला आख्खी गल्ली जमायची. त्या आठवड्यात ती बोललीच नाही. मी पाणी भरायला गेलो तर पडवीत तिची पिशवी बांधून ठेवलेली.

“हे काय करायलाव आत्या?”

“बाग ग्येली का मी जानार गावाला.”

“गावाला कोण हाय तुमचं?”

“कोन नाय. पन हितं तरी काय हाय? सोफा हाय.”

गावातलं तिचं घर पडलेलं, शेजारपाजारची माणसं मुंबईला गेलेली, हे मला ठाऊक होतं. या वयात ती तिथे एकटी कशी राहणार? कंपनीत तो सगळा आठवडा माझ्या हातातून नट आवळायचे पाने निसटत होते.

रविवारी साहेब आले. बागेतच खुर्ची टाकली. साहेब स्वभावाने चांगले होते, त्यांनी आधी उंदराचं कौतुक केलं. मग म्हणाले, “घरमालक सगळे आलेत ना? ज्यांना पार्किंग पाहिजे त्यांनी हात वर करा.” बरेच हात वर झाले. बागेच्या बाजूने आत्या, गुरुजी, मॅडम आणि आणखी मोजकेच. आम्ही भाडोत्री मागे कंपाउंडला टेकून उभे होतो, आम्हाला कुणी विचारत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटत होतं.

तेवढ्यात तो मिठागरातला आवाज आला. “ओ सायेब. ती मागची मानसं ऱ्हायली.”

खोलीमालक म्हणाला, “आत्ये, ते भाडोत्री गो. त्यांचं काय नाय यात.”

“का? त्यांच्या चुली येगल्या नायत?”

“चुलीचा काय संबंध?”

“घमेलं उचलताना घर, आनी हात उचलताना भाडोत्री? आरं, बांधाला खांड जाते तवा दर्या इचारतो का, घर मालकीचा का भाड्याचा?”

साहेब हसले. म्हणाले, “आजी, कायद्याने बघायला गेलं तर मला रहिवाशांचं मत घ्यायचं आहे. राहतात ना ही माणसं इथे? मग घेऊया.” आणि आमच्याकडे वळून, “बाग राहावी असं कुणाला वाटतं?”

एकाही भाडोत्र्याचा हात वर झाला नाही. कसा होणार? प्रत्येकाचा घरमालक समोर उभा. माझा तर थेट माझ्याकडेच बघत होता. या खोलीमुळे मी या मुलखात टिकलो होतो. माझा हात खिशातच होता. मी आत्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडणार. तिने आवाज खाली आणला. मी तिचा तो आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“कोनाव जबरी नाय रं पोरांनो. खोली जायचा भ्या असल त हात खालीच ठेवा. डोक्याव छप्पर आधी.”

आणि ती उंदराकडे तोंड करून उभी राहिली, आमच्याकडे पाठ फिरवून.

ती ओरडली असती तर मी हात वर केला नसता, असं आता मला वाटतं. हात कधी वर गेला ते मला कळलं नाही. शेजारचा मिस्त्री “अरे वाह” म्हणाला तेव्हा कळलं. मग त्याचा गेला. मग रिक्षावाल्याचा, मग कोपऱ्यातल्या खोलीतल्या नर्सबाईंचा. साहेबांनी दोन्ही बाजूंना पुन्हा हात वर करायला सांगितलं आणि मोजायला लागले. दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखेच येत होते, तेव्हा खोलीमालकाने आपला हात आणखी उंच केला, न मोजला जाईल या भीतीने. आत्या वळली.

“तुजा हात खाली घे.”

“का गो?”

“आपल्या घराचा हात मघाशीच वर झालाय. माजा. घरटी येक.”

खोलीमालक म्हणाला, “आत्ये, घर माझं हाय.”

“आनी चूल कोन पेटवतं रोज? मीच ना?”

त्याच्या बायकोने मागून हसू लपवायला पदर तोंडावर धरला. सगळी कॉलनी त्याच्याकडे बघत होती. तोही शेवटी त्याच खाडीकाठचा. लहानपणी बापाच्या मागे बांधावर गेलेला. त्याने हात खाली घेतला. रागाने घेतला, पण घेतला, आणि बाग एका हाताने राहिली.

त्या संध्याकाळी मी बॅग भरून बसलो होतो. खोलीमालक आला, दारात उभा राहिला, बॅगेकडे बघितलं. म्हणाला, “कुठं चाललास?” मी म्हटलं, “तुम्ही सांगाल तसं, दादा.” तो म्हणाला, “टेम्पो कुठं लावायचे ते शोधायला चल माझ्याबरोबर. झाडं वाचवलीत ना, आता जागा पन शोधा.” आम्ही दोघांनी स्टेशनच्या बाजूला एक जागा बघून ठेवली. पडवीतून येताना बघितलं, आत्याची पिशवी खुंटीला रिकामी लटकत होती.

आता तिचे गुडघे दुखतात. रविवारी घमेलं उचलत नाही, बाकावर बसून आवाज देते. शिफ्टला जायच्या आधी मी थोडा वेळ तिच्याशेजारी बसतो. परवा तिने मला विचारलं, “तुज्या गावाला खाडी नाय, दर्या नाय. मग बांध कशाला घालता?”

म्हणालो, “आत्या, आमच्याकडं पाऊस थोडा. जेवढा पडतो तेवढा शेतात राहावा म्हणून बांध घालतो. पाणी भायेर जाऊ नये म्हणून.”

तिला ते खरंच वाटेना. पाणी आत ठेवायला बांध! ती हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तिच्या हसण्याने समोर थांबलेली माणसंही हसली, कशाला हसतोय हे माहीत नसताना. मग हसणं ओसरलं. पदराने डोळे पुसत ती मोगऱ्याकडे वळली.

“पानी ठेवता आत,” ती म्हणाली, “मग तुना गावानं नाय ठेवला रं आत?”

बस आली होती, हॉर्न वाजत होता. मी उठलो नाही लगेच. आत्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मग त्याच हाताने मला बसच्या दिशेने ढकललं.